आठशे टेबलांवर विंडोज ११: पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी

"सगळी मशीन विंडोज ११ वर घ्यायची आहेत, बघा जरा," असं मोठे साहेब जिन्यात सांगून जातात आणि तिथून पुढचे सहा महिने आपले असतात. घरचा लॅपटॉप अपग्रेड करणं वेगळं आणि हेड ऑफिस, दोन कारखाने, डझनभर शाखा मिळून आठशे डेस्कटॉप अपग्रेड करणं वेगळं. चार पाहुण्यांचा स्वयंपाक आणि लग्नाची पंगत यांत असतो तेवढा फरक. भाजी तीच असते, घोळ होतो तो वाढप्यांचा, पत्रावळींचा आणि उशिरा आलेल्या वऱ्हाडाच्या बसचा.

हे काम ज्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी एका कारखानदारी कंपनीच्या आयटीत हेच करतो. पहिला सल्ला असा, की संगणक मोजू नका, टेबलं मोजा. विंडोज चढायला तास-दीड तास लागतो. पण त्या टेबलावरचा प्रिंटर, डोंगल (सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली), सहीचं टोकन, स्कॅनर सकाळी साडेनऊला पुन्हा चालू हवेत आणि समोरच्या माणसाचा हात अडता कामा नये. सगळा वेळ तिथे जातो.

तारखा आणि पैसे

विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला, तिचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतरचे सुरक्षा पॅच कंपन्यांना विकत घ्यावे लागतात: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. पहिलं वर्ष तसंच ढकललं आणि दुसऱ्या वर्षी जाग आली, तर पहिल्याचेही भरावे लागतात. ऑक्टोबर २०२८ नंतर कंपन्यांसाठी ही सोयही नाही. दोनशे जुनी मशीन तीन वर्षं अशी ओढली, तर ८५,४०० डॉलर गेले आणि हातात मशीन जुनीच. फायनान्सकडे नवीन मशीनचं बजेट मागायला जाल तेव्हा हा एक आकडा कागदावर लिहून न्या, बाकी प्रेझेंटेशनची गरज पडत नाही.

विंडोज ११ ची कुठली आवृत्ती घ्यायची, हे सुरुवातीलाच ठरवून टाका आणि मग बदलू नका. एंटरप्राइझ एडिशनला प्रत्येक आवृत्तीमागे ३६ महिने सपोर्ट मिळतो, प्रो एडिशनला २४. आज सुरू करत असाल तर थेट २५एच२ (२०२५ च्या उत्तरार्धातली आवृत्ती) घ्या. तिचा आणि २४एच२ चा गाभा एकच असल्यामुळे आधी २४एच२ वर पोचलेली मशीन छोट्याशा पॅकेजने वर येतात.

टेबलांची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. महिना गेला तरी चालेल.

मशीनचं तपासायचं ते ठरलेलं आहे: ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत), सिक्युअर बूट (खात्रीचीच विंडोज सुरू होऊ देणारी सोय), टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप). हे झाले कागदावरचे निकष. ४ जीबीवर विंडोज ११ चालते म्हणणारा माणूस त्यावर काम करत नसतो. कंपनीत ८ च्या खाली ठेवू नका, आणि फिरती हार्ड डिस्क उरली असेल तर आधी एसएसडी टाका. खरी चाळणी प्रोसेसरची. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा पुढची, असा ढोबळ नियम. नेमकी यादी मायक्रोसॉफ्ट देते, ती लावून बघा. सातव्या पिढीची धडधाकट मशीन बाद होतात तेव्हा पोटात तुटतं. इंटरनेटवर ही तपासणी चुकवायच्या युक्त्या आहेत, त्या घरच्या मशीनवर करा. कंपनीत पुढचं मोठं अपडेट अडलं की विचारणार तुम्हालाच.

ही माहिती इंट्यून किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या मशीन सांभाळायच्या टूलमधून दुपारभरात निघते. शाखाप्रमुखाने परस्पर जवळच्या दुकानातून आणलेली होम एडिशनची दोन-चार मशीन मात्र त्यात सापडणार नाहीत, कारण ती डोमेनला, म्हणजे सगळी लॉगिन आणि मशीन एका जागून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेलीच नसतात. त्यासाठी शाखेत फोन करून "तुमच्याकडे बसलेली माणसं किती?" असं विचारा. मशीन किती विचारलं तर आकडा चुकतो.

मग प्रत्येक टेबलाला एक ओळ द्या आणि त्यात लिहा: कोण बसतं, काय जोडलंय, कुठलं सॉफ्टवेअर लागतं, कुठल्या तारखा नाजूक आहेत. प्रत्यक्ष फिरूनच लिहा. आम्ही पहिल्या खेपेला एक्सेलचा फॉर्म सगळ्यांना पाठवला होता. "जोडलेली उपकरणं" या रकान्यात निम्म्या लोकांनी "माऊस, कीबोर्ड" लिहून पाठवलं.

फिरताना काय शोधायचं ते सांगतो.

अकाउंट्समध्ये डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ चा आहे का, जीएसटी पोर्टलवर सही करायला लागणारं एमसायनर चालतंय का, हे खरी सही करूनच कळतं. टोकन असतं संचालकांच्या नावाचं आणि पिन त्यांच्याच डोक्यात. त्यांची वेळ आधी घ्या. पिनचे अंदाज बांधू नका, ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन लॉक होऊन बसतं. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बहुधा मशीनला बांधलेलं असतं. फॉरमॅटआधी ते सरेंडर करायचं, नंतर सुचून उपयोग नाही.

आस्थापना विभागात आणि कारखान्याच्या टाइमऑफिसात मराठी फॉन्टची गंमत असते. युनिकोड यायच्या आधीपासूनची पत्रं, नोटिसा, स्थायी आदेश हे सगळं श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जमान्यातल्या फॉन्टमध्ये असतं. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रोमन कचरा दिसतो. आमच्या आस्थापनेतल्या काकूंचं मशीन नव्याने लोड करून दिलं, त्या दिवशी त्या थेट आमच्या खोलीत आल्या. "अहो, माझी पंधरा वर्षांची पत्रं इंग्रजी झालीत!" पत्रं जागेवर होती, फॉन्ट गेले होते. ते विंडोजच्या नेहमीच्या फॉन्ट फोल्डरमधून आम्ही आधी कॉपी केलेही होते. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ॲडमिन हक्क नसलेल्या माणसाने फॉन्ट टाकला की तो त्याच्या प्रोफाइलमधल्या ॲपडेटाच्या आत जाऊन बसतो, आणि तिथे आम्ही पाहिलं नव्हतं. दोन्ही जागा बघा. श्री-लिपीला डोंगल असेल तर तेही यादीत घ्या. ते कपाटात असतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे.

स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये डॉट मॅट्रिक्स. हा प्रिंटर लोक म्युझियममधला समजतात, पण तीन प्रतींचं चलन त्याच्याशिवाय निघत नाही. चलनाचा कागद नेहमीच्या मापाचा नसतो. कुणीतरी कधीकाळी विंडोजच्या प्रिंट सर्व्हरच्या गुणधर्मांत जाऊन त्या मापाचा फॉर्म बनवून ठेवलेला असतो. फॉरमॅटमध्ये तो फॉर्म जातो, प्रिंटर आपला ए४ किंवा लेटरच्या लांबीने कागद सरकवायला लागतो. आमच्याकडे पहिलं चलन बरोबर आलं, म्हणून टेक्निशियन चहाला गेला. दुसरं थोडं खाली उतरलं, तिसऱ्यात एकूण रक्कम फाडायच्या रेषेवर आली आणि चौथ्यात ती पुढच्या चलनाच्या डोक्यावर जाऊन बसली. तोवर गेटवर सात ट्रक उभे होते. तेव्हापासून नियम केलाय, की चलनाच्या प्रिंटरवर सलग पाच प्रती काढून बघितल्याशिवाय त्या टेबलावरून उठायचं नाही. आणि फॉर्मचं नाव आणि माप यांचा फोटो आधी काढून ठेवायचा.

रिसेप्शनचं कॉपियर मशीन स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकतं ना? २४एच२ पासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये एसएमबी साइनिंग (नेटवर्कवरचं फोल्डर वापरताना प्रत्येक निरोपावर डिजिटल शिक्का) सक्तीचं आहे, पासवर्डशिवाय पाहुणा (गेस्ट) म्हणून फोल्डर उघडणंही बंद. जुन्या कॉपियरला आणि जुन्या नॅसला (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्याला) हे झेपत नाही. लोक म्हणतात "स्कॅनर बिघडला", सर्व्हिसवाला येऊन रोलर पुसून जातो. आधी कॉपियरचं फर्मवेअर वाढवा, नाहीतर स्कॅन मेलवर वळवा. सगळ्या कंपनीचं साइनिंग बंद करून टाकायचा मोह होईल, तो टाळा.

जुनी सॉफ्टवेअर हा शेवटचा ढीग. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे एखाद्या कोपऱ्यात डॉसच्या वळणाचा १६ बिट प्रोग्राम चालत असेल तर त्याचा प्रवास इथे संपला. इंटरनेट एक्सप्लोररवर चालणारी जुनी वेबसाइट असेल तर घाबरू नका, एजमधला आयई मोड निदान २०२९ पर्यंत ठेवायचं मायक्रोसॉफ्टने कबूल केलंय. त्या साइट्सची यादी बनवून पॉलिसीने, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागणाऱ्या सेटिंगने, ढकला. कारखान्यातल्या यंत्रांना जोडलेले, म्हणजे सीएनसी (संगणकाने चालणारं कापकामाचं यंत्र) किंवा वजनकाट्याचे संगणक या यादीतून सरळ बाजूला काढा. त्यांच्याबद्दल शेवटी.

बायोस

बऱ्याच असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर टीपीएम असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. त्यामुळे "टीपीएम नाही" असा रिपोर्ट आला म्हणून लगेच मशीन भंगारात धरू नका.

जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये लोड केलेल्या मशीनला यूईएफआयवर न्यायचं तर क्रम पाळा. आधी एमबीआर२जीपीटी या विंडोजमधल्याच टूलने डिस्क बदलायची, मग बायोसमध्ये यूईएफआय करायचं. उलट केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही. हे टूल आधी नुसती तपासणीही करून देतं, ती कराच. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. कधीकाळी कुणी "सी, डी, ई, एफ" अशी हौसेने वाटणी केली असेल तर ती आता आडवी येते.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावलेला असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो सस्पेंड करा. विसरलात तर पुढच्या बूटला मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती की ॲक्टिव्ह डिरेक्टरीत किंवा एंट्रामध्ये, म्हणजे कंपनीच्या लॉगिन आणि मशीनच्या नोंदवहीत, जमा झालेली आहे का, हे सगळ्या मशीनसाठी आधीच बघून ठेवा. शाखेतल्या माणसाला फोनवर ४८ आकडे सांगण्याचा अनुभव एकदा पुरतो.

वरून चढवायचं की पुसून

वरून चढवलं तर सॉफ्टवेअर, फॉन्ट, प्रिंटर, चलनाचा फॉर्म बहुतेक जसंच्या तसं राहतं. पुसून लोड केलं तर मशीन स्वच्छ, पण वरची सगळी दुखणी आपली. माझं मत विचाराल तर: चालतं मशीन असेल तर वरून चढवा. नवीन मशीन, ३२ बिट विंडोज आणि आधीच रडणारी मशीन पुसून घ्या. ३२ बिटवरून तर दुसरा रस्ताच नाही.

वरून चढवताना फसवणारी एक बारीक गोष्ट भाषेची आहे. काही मशीन अमेरिकी इंग्रजीची असतात, काही ब्रिटिश इंग्रजीची. इन्स्टॉलरची भाषा मशीनच्या मूळ भाषेशी जुळली नाही, तर सॉफ्टवेअर तसंच ठेवायचा पर्याय मिळत नाही. यादीत हा रकाना ठेवा आणि दोन्ही इन्स्टॉलर तयार ठेवा. सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी हवी. पुसणार असाल तर आउटलुकच्या पीएसटी फायली (मशीनवरच साठवलेली मेल) शोधा. लोकांची अर्धी नोकरी त्यात असते, आणि "माझं सगळं सर्व्हरवर आहे" असं सांगणाऱ्याकडे हमखास एक सापडते.

चाळणी आणि पहिली तुकडी

विंडोजच्या सेटअपला नुसतं तपासायला सांगता येतं. तो काहीही न बदलता निकालाचा कोड देतो. कोडचा शेवट २१० असेल तर रस्ता मोकळा. २०८ म्हणजे एखादं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर आडवा येतोय, २०० म्हणजे मशीनच निकषात बसत नाही. हा प्रकार सगळ्या मशीनवर गुपचूप चालवून कोड एका जागी जमा करा. २०८ ची मशीन गटाने सुटतात. बहुतेकदा एकच जुना अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन शंभर ठिकाणी अडलेला असतो.

मग पहिली तुकडी. आधी आयटीची स्वतःची मशीन. आपण विंडोज १० वर बसून इतरांना अकरा वाटायची नाही. दुसऱ्या तुकडीत प्रत्येक विभागातला एक जण. तो उत्साही नको, कटकट्या हवा. उत्साही माणूस अडचण आली तर स्वतः वाट काढतो आणि आपल्याला सांगतही नाही. कटकट्या साडेनऊला फोन करतो. या तुकडीत शाखेतलं एक, कारखान्यातलं एक आणि संचालकांच्या पीएचं एक मशीन घ्याच. निदान एक महिनाअखेर या लोकांनी अकराव्या विंडोजवर काढली पाहिजे, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

एंटरप्राइझ एडिशनमध्ये, डोमेनमधल्या मशीनवर क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची गुपितं जपणारी सोय) आपोआप चालू होतो. तुमचं वायफाय लॉगिनच्याच पासवर्डवर आपोआप जोडलं जात असेल, तर ते अडकेल. उपाय सर्टिफिकेटवरचं वायफाय, आणि ते उभं करायला वेळ लागतो. म्हणून हे पहिल्या तुकडीतच कळायला हवं.

कधी चढवायचं, कसं पोचवायचं

कॅलेंडर घ्या आणि आधी नकोत त्या तारखा खोडा. अकाउंट्ससाठी दर महिन्याची ७, ११ आणि २० तारीख: टीडीएस भरणा, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रं. पगाराचा आठवडा. मार्च अख्खा आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा. गणपतीत आणि दिवाळीत मशीन मोकळी असतात, पण टेक्निशियनही गावाला असतात.

आता गणित. इन्स्टॉलर ५ जीबीचा धरू. शाखेची लाइन ८ एमबीपीएसची असेल, तर दुसरं काहीही न करता एका मशीनला सुमारे ८३ मिनिटं लागतात. शाखेत चाळीस मशीन म्हणजे ५५ तास, आणि तेवढा वेळ ईआरपी (कंपनीचा सगळा व्यवहार चालतो ते सॉफ्टवेअर) ठप्प. त्यामुळे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन लावा, म्हणजे एका मशीनने उतरवलेलं बाकीची आपसात वाटून घेतात. नाहीतर आमच्यासारखं करा: पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर घालून कुरियरने पाठवा. हसू नका, वेळेवर पोचतो.

चढवायचं रात्री. इथे आपल्याकडची एक अडचण कुठल्याच परदेशी गाइडमध्ये सापडत नाही: आपली माणसं निघताना भिंतीवरचं बटण बंद करतात. चांगली सवय आहे, पण अपग्रेड मेलं. बटण चालू राहिलं तर नऊ वाजता सिक्युरिटीवाले काका मजल्याचा मेन पाडतात. पहिल्या रात्री साठ मशीन लावली होती, सकाळी चौदा झालेली. त्यामुळे मेल, व्हॉट्सॲप आणि लिफ्टशेजारचा कागद अशा तिन्ही जागी एवढंच लिहा:

"आज रात्री तुमचा संगणक अपडेट होणार आहे. निघताना लॉक करा, बंद करू नका. भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. उघड्या फायली सेव्ह करा. सकाळी अडचण आली तर आयटीचा माणूस तुमच्याच मजल्यावर असेल."

आणि सिक्युरिटी केबिनमध्ये स्वतः जाऊन सांगा, रजिस्टरवर लिहून या. शाखेत यूपीएसच्या बॅटऱ्या जिवंत आहेत का, तेही बघा. बायोसचं काम चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्डच जायचा.

दुसरी सकाळ

नऊ वाजता माणसं मजल्यावर हवीत, फोनजवळ नकोत. पहिल्या तासातल्या तक्रारी ठरलेल्या: "स्टार्ट मधे का आलं?", "उजवं क्लिक केल्यावर नेहमीचं दिसत नाही", "वर्डपॅड कुठे गेलं?" स्टार्ट सेटिंगमधून डावीकडे नेता येतं. मी तर पॉलिसीनेच सगळ्यांचं डावीकडे ठेवून दिलं, निम्मे फोन तिथेच वाचले. उजव्या क्लिकच्या जुन्या यादीसाठी शिफ्ट दाबून क्लिक. वर्डपॅड २४एच२ पासून खरंच काढून टाकलंय. टास्कबार वर किंवा बाजूला लावणारे एक-दोन अवलिये असतात, त्यांची समजूत तिथेच उभं राहून काढा.

खरा बिघाड असेल तर माघारीचा रस्ता आहे, पण तो दहाच दिवस उघडा असतो. अपग्रेड झाल्याबरोबर डिझम या विंडोजच्याच कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. स्क्रिप्टमध्येच घालून टाका. आणि हेल्पडेस्कला ताकीद द्या, की "सी फुल" दिसलं म्हणून डिस्क क्लीनअपमधून जुनी विंडोज उडवायची नाही. ती उडवली की रस्ता बंद. फसलेल्या मशीनवर डोकं खाजवत बसण्याआधी सेटअपडायग चालवा, लॉग वाचून नेमकं कारण तो सांगतो.

एका माणसाने एका सकाळी वीस-पंचवीसहून जास्त टेबलं सांभाळू नयेत. म्हणजे चार जणांच्या टीमला एका रात्री शंभरच्या पुढे जायचं नाही, साहेब कितीही म्हणाले तरी.

मागे राहिलेली

आता ते सीएनसी आणि वजनकाट्याचे संगणक. त्यांना हात लावण्याआधी यंत्र देणाऱ्या कंपनीला लेखी विचारा. काहींवर एलटीएससी, म्हणजे वर्षानुवर्षं न बदलणारी, आवृत्ती असते, तिच्या तारखा निराळ्या: विंडोज १० एंटरप्राइझ एलटीएससी २०१९ ला जानेवारी २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, मात्र एलटीएससी २०२१ ला जानेवारी २०२७ पर्यंतच. हो, नवी आधी संपते. आयओटी (यंत्रं-उपकरणांसाठीच्या) प्रकारातली २०२१ असेल तर ती जानेवारी २०३२ पर्यंत चालते. लेबल नीट वाचा. जे हलवताच येत नाही ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग कप्प्यात) टाका, इंटरनेट आणि मेल तोडा, यूएसबी बंद करा.

बाद झालेली मशीन जिन्याखाली रचून ठेवू नका. डिस्क पुसा किंवा भोक पाडा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच माल द्या आणि पावती ॲसेट रजिस्टरला लावा. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून त्यांची नावं काढा. शेवटी यादीतली जी टेबलं अजून "प्रलंबित" दिसतात, तिथे स्वतः चालत जा. आमची अकरा होती. नऊ जणांनी नोकरी सोडली होती. दहावा संगणक कँटीनच्या कुपन काउंटरवर मिळाला आणि अकरावा आमच्याच सर्व्हर रूममध्ये, मॉनिटरशिवाय, कार्डबोर्डच्या खोक्याखाली चालू. त्यावर हजेरीचं सॉफ्टवेअर होतं.